शेणाला तोंड न लावणारं घराणं

फार पूर्वी, जिथे झाडंसुद्धा चढायचा कंटाळा करतात अशा उंच डोंगरावर, राजबिंडा नावाचं लांब शेपट्यांचं फुलपाखरू खडकावर धापा टाकत बसलं होतं. खाली याकच्या ओल्या शेणातलं मीठ साधी पांढरी फुलपाखरं मजेत शोषत होती.

"या की खाली, पंखांत बळ येईल," म्हातारी याक म्हणाली.

"आम्ही दुर्मीळ! साऱ्या डोंगरात असा मी एकटाच. आमच्या घराण्यात कुणी शेणाला तोंड लावलं नाही."

"मग कुठंयत ती सगळी?"

राजबिंडा खडकाच्या कडेला सरकला. जरा वेळाने गुपचूप उतरला, शेणात सोंड खुपसली आणि पुटपुटला, "याकमावशी, आमच्यातल्या कुणाला सांगू नका हं."

"सांगू कुणाला?" याक रवंथ करत म्हणाली. "तुमच्यातलं उरलंय कोण?"