शंतनूचा तिसरा प्रीॲम्प

"अक्का, आता सूं अजिबात येत नाही. लावून बघू का?"

शंतनूने नवी पेटी सतरंजीवर ठेवली. माइकमधून येणारा बारीक आवाज मोठा करणारी पेटी, प्रीॲम्प. दोन वर्षांतली ही तिसरी.

सुमतीअक्कांनी ती उचलून पाहिली.

"मागच्यापेक्षा जड आहे की रे."

त्या म्हणाल्या म्हणजे ओठ हलले आणि थोडा वारा आला. उन्हाळ्यात गळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून अक्कांचं बोलणं एवढंच उरलं होतं. गाणं तर गेलंच.

शंतनूने मान खाली घातली.

अक्कांच्या गुरूंनी त्यांना एक बंदिश दिली होती. ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. सगळ्या शिष्यांतून शंतनूला निवडून अक्का म्हणाल्या होत्या, "बैस समोर. घे."

तो म्हणाला होता, "आधी रेकॉर्ड करू. मग घरी ऐकून ऐकून बसवतो."

अक्का गायल्या. पहिली पेटी स्वस्तातली, सुरांच्या मागे सारखी सूं. त्याने ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मग पुण्याहून कुणाची तरी वापरलेली, पण नावाजलेली पेटी आणली. अक्का पुन्हा गायल्या. सूं गेली होती, घरघर आली होती. तेही पुसलं.

"याहून चांगली घेतो, अक्का. थोडं थांबू."

"थांब की. गळा काय कुठं पळून जातोय होय?"

तेव्हा दोघंही हसले होते.

"ही कुजबुजसुद्धा उचलते," आता शंतनू म्हणाला. "तुम्ही नुसते शब्द म्हणा. सूर मी..."

"सूर तू?"

त्याने माइक त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

अक्का बराच वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग पाठ ताठ करून बसल्या, डोळे मिटले.

शंतनूने हेडफोन चढवले आणि नजर पेटीवरच्या दिव्यांवर लावली. एक दिवा लुकलुकला. ती खिडकीतल्या चिमणीची चिवचिव होती. त्याने बटण आणखी फिरवलं. अक्कांचा श्वास आला, काचेसारखा स्वच्छ. शब्द नाहीत. त्याने आणखी फिरवलं.

श्वास... आणि बांगड्यांची किणकिण. कुठे सावकाश, कुठे एकाच जागी थरथरत.

त्याने दचकून वर पाहिलं.

गाताना सूर जाईल तिथे अक्कांचा उजवा हात जाई. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड जुने शिष्य त्या हाताकडे बघूनच उचलत. तोच हात आता हवेतून खाली येत होता. शंतनू बघतोय तोवर तो मांडीवर टेकला.

अक्कांच्या कपाळावर घाम होता.

"अक्का, तुम्ही... पूर्ण म्हटलीत?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

त्याने हेडफोन काढून बाजूला ठेवले. हात जोडले.

"परत एकदा, अक्का. आता तुमच्याकडेच बघतो."

अक्कांनी हेडफोन उचलले, पदराने हलकेच पुसले आणि त्याच्या कानांवर नीट बसवले.

"तू दिवे बघ, बाळा. माझं गाऊन झालं."