भडभुंजिणीचे पाचशे बारा पैसे

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. फुकटचं खाणारी माणसं तेव्हाही होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एका राज्यात नदीकाठी एक पेठ होती. त्या पेठेत एक भडभुंजीण राहायची. तापल्या वाळूत हरभरे भाजायचे आणि घाटावर बसून फुटाणे विकायचे, हा तिचा धंदा. एका पैशाला ओंजळभर फुटाणे. त्यामुळे तिच्या गाडग्यात पडायचे ते तांब्याचे सुटे पैसेच. ओंजळभर फुटाण्यांसाठी चांदीचा रुपया कोण मोडणार?

एके दिवशी तिची जुनी कढई भट्टीवरच तडकली. सगळी वाळू विस्तवात सांडली. कढई नाही तर फुटाणे नाहीत, आणि फुटाणे नाहीत तर घरची चूलही नाही. नशीब एवढंच, की पेठेत जत्रा भरली होती आणि वर्षातून एकदा येणारा कढयांचा व्यापारी येऊन उतरला होता.

"आठ रुपये पडतील, बाई," तो म्हणाला. "पण चांदीच द्या. माझे बैल लोखंडानंच वाकलेत, त्यांच्यावर तांबं कुठं लादू? पौर्णिमेला मी निघणार."

पौर्णिमेला तीन दिवस होते.

भडभुंजिणीनं घरी येऊन गाडगं उपडं केलं. पाचशे बारा पैसे निघाले. त्या राज्यात चौसष्ट पैशांचा एक रुपया होई. म्हणजे बरोब्बर आठ रुपये! तिनं तीनदा मोजून पाहिलं, पदरात गाठोडं बांधलं आणि ती सराफाच्या पेढीवर गेली.

"रुपयामागे आठ पैसे बट्टा," सराफ म्हणाला.

"आठ पैसे? कशाचे?"

"मोजायचे."

"मी मोजून आणलेत, शेठजी."

"तुझं मोजणं तुझ्यापाशी. मला पुन्हा मोजावे लागणार ना?"

"मग मीच मोजते तुमच्यासमोर. तुम्ही नुसते बघा."

"बघायचेही आठच पैसे," असं म्हणून सराफ पोट हलवून हसला.

बट्टा कापला तर आठ रुपयांचे सातच उरत होते. सात रुपयांत कढई येत नव्हती. थेंबे थेंबे तळे साचे, असं आपण मुलांना शिकवतो. पण काठावर टपून बसलेल्याचं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. वर्षभर भट्टीपुढे हात तिनं भाजून घेतले होते. सराफानं काय भाजलं होतं?

ती तडक राजाच्या खजिन्यावर गेली. तिथे कारकून पहारेकऱ्यांना पगार वाटत होता, तोही तांब्याच्या ढिगातून.

"दादा, हे तांबं घ्या आणि मला आठ रुपये द्या."

"खजिन्यात तांबं घ्यायचा हुकूम नाही. सराफाकडे जा."

"अहो, देताना तांबं चालतं, मग घेताना काय त्याला विंचू चावतो?"

कारकून पुढच्या पहारेकऱ्याचे पैसे मोजू लागला. हा हुकूम सराफानंच दरबारात शेले-पागोटी वाटून काढून घेतला होता. सगळ्या पेठेला ते ठाऊक होतं, पण बोलणार कोण? तोंड दाबून बुक्क्यांचा मार सगळेच खात होते.

दुसऱ्या दिवशी भडभुंजीण गाठोडं मांडीवर घेऊन घाटावर नुसतीच बसून राहिली. विकायला फुटाणे नव्हते आणि घरी बसवत नव्हतं. समोर नावेसाठी जत्रेकऱ्यांची रांग लागली होती. नावाडी माणशी दोन पैसे घ्यायचा, आणि रुपया दिला तर परत द्यायला त्याच्याकडे सुटे नसायचे. मेंढ्या विकून आलेला एक धनगर रुपया मोडायला पेठेत गेला आणि शिव्या देतच परतला.

"छप्पन्नच पैसं दिलं त्यानं! आठ ठिवून घेतलं. इचारलं कशाचं, तर म्हनं मोजायचं!"

भडभुंजीण ताडकन उठली. तिच्याकडून पैसे घेताना आठ कापायचे, आणि तेच पैसे ह्या धनगराला देताना पुन्हा आठ! सराफ दोघांच्या मध्ये बसून आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता.

"पेठेत जाऊ नका कुणी!" ती रांगेकडे बघून ओरडली. "रुपया मला द्या आणि चौसष्ट पैसे मोजून घ्या. पुरते चौसष्ट!"

रांगेतली एक बाई पुढे आली. मग एक विणकर आला. तिसऱ्या रुपयाला तर लोक आपणहून विचारत येऊ लागले. पाचवा रुपया तिच्या हातात पडला, तेवढ्यात सराफ धापा टाकत घाटावर आला.

"ही चोरी आहे! माझं गिऱ्हाईक पळवतेस?"

"मी काय चोरलं? ह्यांना विचारा, एक तरी पैसा कमी दिलाय का?"

"शेठ, चोर कोन ते सांगू का?" धनगरानं काठी आपटून विचारलं, तसा सराफ दोन पावलं मागे सरला.

"चालू दे, चालू दे," तो म्हणाला. "तुझं गाडगं आहे केवढंसं! ते रिकामं झालं की सगळे माझ्याच पायरीवर येतील."

इथंच तो चुकला. भडभुंजिणीचं गाठोडं दुपारपर्यंत संपलं, हे खरं. आठ रुपये मुठीत आवळून ती कढईवाल्याकडे गेली. पण तिच्या जागेवर गवळण येऊन बसली. गवळणीचं संपल्यावर कासारीण आली, मग पानवाला. ज्यांना ज्यांना सराफानं नाडलं होतं, त्या प्रत्येकाच्या घरी एक गाडगं होतं. तीन दिवस पेढीची पायरी कुणी चढलं नाही.

पौर्णिमेला सराफाला वर्षाचा कर भरायचा होता. हातातली चांदी त्यानं कधीच बायकोच्या पाटल्यांत घातली होती. दरवर्षी जत्रेतल्या रुपयांवर कर भागायचा. ह्या वर्षी घरात नुसती तांब्याची पोती होती. तो ती घेऊन खजिन्यावर गेला.

"तांबं घ्यायचा हुकूम नाही, शेठजी," कारकून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत चांदी आणा, नाहीतर पेढीला कुलूप लागेल."

सराफ पोती गाडीत घालून घाटावर आला. भडभुंजीण नव्या कढईतले फुटाणे विकत होती.

"बाई, मलाही इथं रुपये मिळतील का? बट्टा किती घेशील?"

"आठ घे! सोळा घे!" रांगेतून आवाज आले.

"एकही नको," ती संतापून म्हणाली. "फुकटचं घेतलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? बसा असे उन्हात, आणि प्रत्येकाला चौसष्ट मोजून द्या."

सराफ मोजत बसला. पण जत्रा पांगली होती आणि रुपये मोडणारे थोडेच उरले होते. दिवस मावळला तेव्हा निम्मी पोती तशीच पडून होती, आणि कारकून कुलूप घेऊन पेढीकडे निघाला होता. ते कुलूप पुन्हा उघडलं नाही. पेठेतली माणसं मात्र तेव्हापासून घाटावरच पैसे बदलू लागली, आणि चौसष्टाचे चौसष्ट मिळू लागले.

तात्पर्य : दोन गरजवंत समोरासमोर आले, की मध्ये बसून खाणाऱ्याचं पान आपोआप उठतं.