रिकामी पुंगळी

“लहान घेऊ की मोठं? एवढंच सांगा, उस्ताद.”

तहसीलदार वसुधा शिंगटे यांच्या हातात रिव्हॉल्व्हरचा परवाना होता. चोरट्या वाळूचे तीन ट्रक त्यांनी धरले, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या जीपवर ट्रक घातला. त्या थोडक्यात वाचल्या.

दस्तगीर नायकवडी पोलिसांना तीस वर्षं नेमबाजी शिकवून निवृत्त झालेले. मिरजेबाहेर, टेकडीखाली त्यांचं मैदान. त्यांनी टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. एक तळहातात मावणारं, आखूड नळीचं. दुसरं लांब नळीचं, जड.

“कॉलेजात रायफलचं सुवर्णपदक आहे माझं,” वसुधा म्हणाल्या.

“झाडा.”

मोठ्याच्या पाच गोळ्यांपैकी चार समोरच्या निशाणाच्या कागदाला लागल्या. लहानाची एकच.

“म्हणजे मोठंच.”

“कमरेला लावा. वरून कुर्ता सोडा. आता खुर्चीत बसा.”

त्या बसल्या. मूठ बरगडीत रुतली. कुर्ता असा फुगला की आंधळ्यालाही कळावं.

“चार दिवस बाळगाल, मॅडम. पाचव्या दिवशी कपाटात ठेवाल. लहान घ्या.”

“पण त्याची नळीच आखूड! नेम लागणार कसा?”

उस्तादांनी लहान रिव्हॉल्व्हर उचललं. पाठ फिरवून भरलं. परत दिलं.

पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी नुसतं ‘टक्’... ना बार, ना धक्का. तरीही नळी झटकन खाली झुकली.

“झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घातली होती,” उस्ताद म्हणाले. “मग हात का हलला? मोठ्याच्या वजनात हे झाकलं जातं.”

वसुधांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं.

“चाप ओढायच्या आधीच मला तो ट्रक दिसतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

उस्तादांनी मान हलवली. रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं. चकरीच्या कोणत्या घरात गोळी, कोणत्या घरात पुंगळी, ते सांगितलं नाही.

तीन रविवार असेच गेले.

चौथ्या रविवारी ‘टक्’ झालं, आणि नळी तसूभरही हलली नाही. उरलेल्या चार गोळ्या कागदावर वीतभर जागेत बसल्या.

वसुधा कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

“उस्ताद, भीती गेली!”

“तिला कशाला घालवता? राहू द्या... चाप तेवढा तुम्ही ओढा.”