सत्तावीस नियम आणि एक टोपली

“…आणि हे दोघंही यायचे थांबले, तर मी शर्यत लावायची कुणाशी, वस्ताद?”

शार्दूल मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्ताद शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि मैदानाकडं बघत राहिले.

मिरजेबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीवर दर रविवारी सकाळी रिमोटच्या गाड्या पळत. गाड्या सशाएवढ्या, आवाज गांधीलमाशीचा, ऐट मात्र वाघाची. जन्मभर मोटारी रिवाइंड केलेले वस्ताद तिथं सगळ्यांचे गुरू.

एके काळी चौदा जण यायचे. मग शार्दूलनं भारी मोटार बसवली. त्याला गाठायला बाकीच्यांनी तसलीच मागवली. ती येईपर्यंत शार्दूलची त्याहून भारी आली. असं करता करता एकेक जण घरी बसला. उरले गिरणीवाले भूपालअण्णा आणि शिवणकाम करणाऱ्या कुंदाताई. आजचा आमचा शेवटचा रविवार, असं दोघांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

लागोपाठ एकोणीस रविवार पहिला आलेला शार्दूल तेव्हापासून वस्तादांच्या मागं लागला होता.

“मी उपाय काढलाय.” त्यानं वही उघडली. “खर्च आवरायचे सत्तावीस नियम.”

“वाच.”

“मोटार एकाच मापाची. बॅटरी एकाच ताकदीची. वजन ग्रॅमवर.”

“तपासणार कशानं?”

“यंत्रं मिळतात त्याची. तीन लागतील.”

“स्वस्त असतील.”

शार्दूलनं वहीचं पान उलटलं…

“माझ्या गाडीपेक्षा थोडी महाग आहेत.”

“ती तीन खरं बोलतात का, हे बघायला चौथं घ्या,” पलीकडून कुंदाताई म्हणाल्या.

वस्तादांनी शेंगांची टोपली टरफलांसकट रिकामी केली आणि पुढं धरली.

“रिमोट टाका यात. तिघांनी.”

टाकले. वस्तादांनी वर आपला रुमाल अंथरला.

“आता एकेक काढा.”

“पण रिमोट बदलला की गाडी बदलली, वस्ताद.”

“हं.”

“माझी गाडी दुसराच कुणी पळवेल.”

“हं…”

शार्दूलनं पहिला हात घातला आणि बराच वेळ आत ठेवला. वस्तादांनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली.

“चाचपायचं नाही.”

त्याच्या हाती भूपालअण्णांचा रिमोट आला. अण्णांची गाडी म्हणजे चार चाकांवर तेलाचा कापलेला डबा. सरळ म्हटलं की ती डावीकडं जायची. अण्णांना कुंदाताईंची गाडी मिळाली आणि कुंदाताईंना शार्दूलची.

दहा फेऱ्यांची शर्यत सुटली.

कुंदाताईंनी बोट नुसतं टेकवलं, तर शार्दूलची गाडी वळण सोडून थेट राखेच्या ढिगात घुसली.

“ही बया ऐकतच नाही,” त्या म्हणाल्या.

शार्दूलनं ते ऐकलं नाही. डावीकडं पळणाऱ्या डब्याला उजवीकडं ओढत त्याला अण्णांना गाठायचं होतं.

“अण्णा, बाजूला व्हा.”

“का? रस्ता तुझ्या बापाचा हाय?”

“तुमचाच डबा आहे हा, अण्णा. निदान त्याला तरी वाट द्या.”

“डब्याला न्हाई म्हणत न्हाई. तुला म्हणतोय.”

दोघं कडेकडेनं पळत, शिव्या घालत, गाड्यांबरोबर स्वतःही वाकत राहिले. शेवटच्या वळणावर डबा चाकांवरून निखळला आणि खडखडत मागं फरफटत आला. शार्दूल वीतभरानं हरला. हसून हसून त्याला उभं राहवेना. तो तिथंच मातीत बसला.

“एवढी पळती व्हय माझी?” अण्णा आपल्या गाडीकडं बघतच राहिले.

वस्ताद जवळ आले.

“तुझी गाडी कुठं आहे रे?”

शार्दूलनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं…

“बघितलीच नाही, वस्ताद.”

राखेतून दोन चाकं वर आली होती.

“पुढच्या रविवारी मला अण्णांचा डबा मिळू दे,” कुंदाताई म्हणाल्या.

“आधी हा मला तो बसवून दील, मग बघू,” अण्णा म्हणाले.

शार्दूलनं आपली गाडी उपसून काढली. सदऱ्यानं तिची राख पुसली. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

“वस्ताद… ही तर दर रविवारी कुणाच्याही हाती जाणार. मग आता हिला मोटार कसली बसवू?”

वस्तादांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

“जिच्याकडून हरायला तुला आवडेल, अशी.”