तांबटआळीतलं मौन

"अक्का, मौन लागलं हे माणसाला कळतं कसं?"

मोरेश्वर तांबटानं हे इतक्या मोठ्यानं विचारलं की अंगणातल्या चिमण्या उडाल्या.

मी मढीच्या ओसरीवर पावटे सोलत होतो. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, तेव्हा ओरडणारी माणसं मला नवीन नाहीत. पण मौनाबद्दल एवढं बोंबलून विचारणारा हा पहिलाच भेटला.

गिरजाक्का भिंतीला टेकून वाती वळत होत्या. ऐंशी पार केलेली बाई. टेकडीवरच्या या मढीत एक शेळी आणि चार भांडी घेऊन राहते. लोक दहा कोसांवरून सल्ल्याला येतात आणि बहुतेक वेळा बोलणी खाऊन जातात. तरी परत येतात. मीही त्यातलाच, फक्त मी परत गेलोच नाही.

अक्कांनी कापसाचं पुडकं उचललं, भिंतीजवळून उठल्या आणि अगदी मोरेश्वरच्या समोर येऊन बसल्या.

"कुणाला लागलं?"

"मला."

असं म्हणून तो थोडा ताठ बसला.

खालच्या गावात तांबटआळी आहे, तिथला हा मोठा कारागीर. वय अठ्ठावन्न. हाताखाली दहा माणसं, दहा हातोडे, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत तांब्याच्या पत्र्यावर ठोके. आळीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी डोकं भणभणतं. मी तर तिथून जाताना चालायचा वेग वाढवतो.

त्या आळीत एक जुनी समजूत आहे. ठोक्यांचा त्रास ज्याला होईनासा होतो, त्याला मौन लागलं असं ते मानतात. मग त्याला आळीच्या देवळात पाटावर बसवून शाल-नारळ देतात. तिथून पुढे तो आळीचा वडीलधारा. तो म्हणेल तसं काम करायचं, तो शिकवील तसं शिकायचं. मोरेश्वरच्या आजोबांना हा मान मिळाला, वडिलांना मिळाला. येत्या सोमवारी मोरेश्वरची पाळी होती.

फक्त आधी मढीत राहील त्यानं डोक्यावर हात ठेवायला हवा, म्हणजे आता गिरजाक्कांनी. तीही रीत जुनीच. त्यासाठी तो आज स्वतः ठोकलेली नवी कळशी घेऊन आला होता. कळशी देखणी होती, नजर हटत नव्हती.

"खात्री आहे?" अक्कांनी विचारलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. पूर्वी संध्याकाळी कानात दडे बसायचे, चिडचिड व्हायची. आता दहा हातोडे चालू असले तरी तो शांत असतो. लांबून कुणी बोलतंय तसे ठोके येतात. आणि सहा-सात वर्षांपासून तर आत एक नाद सुरू झालाय. बारीक किणकिण, दिवसरात्र. कुणी वाजवत नाही तरी वाजतो.

"यालाच अनाहत म्हणतात ना, अक्का?"

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षं मी या ओसरीवर बसतोय आणि मला आतून साधी एसटीची घंटीसुद्धा कधी ऐकू आली नाही. मनात म्हटलं, संसारी माणूस असून पुढे गेला आपल्या.

अक्कांची एक वात वळून झाली, त्यांनी दुसरी घेतली.

"घरी इंदुमती काय म्हणते?"

मोरेश्वर हसला. म्हणाला, तिच्यातही फरक पडलाय. पूर्वी दिवसभर भांडायची, आता शब्द काढत नाही. ताट वाढते, हातानं खूण करते. माझ्या सहवासाचा गुण.

त्याची बायको इंदुमती मला बाजारात भेटते. मागच्या महिन्यात तिला म्हटलं, वहिनी, बारीक झालात. तर म्हणाली, बोलून बोलून घसा गेला हो भावजी, आता सोडून दिलं. मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता पावटा हातातच राहिला माझ्या.

"आणि तुझ्या वडिलांचं मौन कसं होतं?"

"फार मोठं. त्यांच्यापुढे मी कुणीच नाही."

ही गोष्ट तो आळीत सगळ्यांना सांगतो, मीही दोनदा ऐकलीय. त्याची आई परसात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तासभर ती हाका मारत होती. वडील ओसरीवर बसलेले, मधे फक्त एक खोली. पण त्यांची मांडी हलली नाही. शेजारणीनं येऊन उचललं तिला. त्या दुखण्यातून ती उठली नाही. आळी म्हणाली, वैराग्य असावं तर असं.

"एवढं मला जमायचं नाही," मोरेश्वर म्हणाला. "पण पोरांना तरी वाटेला लावतो."

"कुठली पोरं?"

"माझ्याकडची. श्रीपादसुद्धा."

श्रीपाद त्याचा मुलगा. सव्वीस वर्षांचा, लग्न होऊन वर्ष झालेलं. तोच बापाला मोटरसायकलवर घेऊन आला होता आणि खाली पायऱ्यांशी थांबला होता. मी त्याला वरून विचारलं होतं, चहा घेतोस का. तो दोनदा 'काय?' म्हणाला. हेल्मेटमुळे ऐकू येत नसेल, असं मला वाटलं.

हा श्रीपाद कुठूनसं शिकून कानात कापसाचे बोळे घालून कामाला बसायला लागला होता. त्याचं बघून बाकीचेही घालायला लागले. मोरेश्वरला ते नामर्दपणाचं वाटलं. परवा त्यानं एकेकाच्या कानातले बोळे स्वतःच्या हातानं काढून भट्टीत टाकले होते.

"म्हटलं, कान झाकून साधना होत नसते. सोसा. दहा-पंधरा वर्षं सोसलंत की तुम्हालाही लागेल."

अक्कांच्या बोटांतली वात थांबली.

"श्रीपाद काय म्हणाला?"

"काही नाही. मान खाली घातली. गुणी आहे पोर."

...

"डोळे मीट," अक्का म्हणाल्या. "बघू तुझं मौन."

मोरेश्वरनं मांडी घातली, पाठ सरळ केली, डोळे मिटले. चेहरा मात्र खरोखर शांत होता. खोटं कशाला बोलू.

अक्का उठल्या. खुंटीवर शेळीची घंटा असते. पितळी, लहान, बारीक आवाजाची. ती काढून त्या मोरेश्वरच्या पाठीमागे गेल्या आणि त्याच्या डोक्यामागे हातभर अंतरावर त्यांनी ती वाजवली. एकदा, आणि मग पुन्हा, जोरात.

तो हलला नाही.

शेळी मात्र लिंबाखालून धावत आली. घंटा वाजली की पाला मिळतो हे तिला माहीत. ओसरीवर चढली, इकडेतिकडे बघितलं आणि पाला दिसेना म्हणून मोरेश्वरचा गुडघा हुंगायला लागली.

त्यानं डोळे उघडले, शेळीला बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"बघा अक्का," तो हात जोडून म्हणाला. "मुकं जनावरसुद्धा ओढलं गेलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी अक्कांकडे बघितलं. घंटा त्यांच्या हातातच होती. त्याही हसल्या नाहीत.

घंटा खुंटीला लावून त्या पुन्हा त्याच्या समोर आल्या.

"तहान लागलीय," त्या म्हणाल्या. "तुझ्या कळशीतून पाणी आण."

त्यानं रांजणावर जाऊन कळशी भरली, मानानं आणून दोघांच्या मधे ठेवली. अक्कांनी पाण्याला हात लावला नाही. वाती वळत राहिल्या. तो वाट बघत राहिला.

...

थोड्या वेळानं त्याचा पायजमा ओला झाला. तो चपापून सरकला. कळशीच्या बुडाच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं, सारवलेल्या जमिनीवर ओघळ आला होता.

मोरेश्वर काळाठिक्कर पडला. गुरूला आणलेलं भांडं आणि तेच गळकं. मग घाईघाईनं पत्र्याला दोष द्यायला लागला. हल्ली पत्राच वाईट येतो, याच वर्षी चार भांडी गिऱ्हाइकांनी परत आणली, कुणावर भरवसाच ठेवायची सोय नाही.

अक्कांनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"तुझे वडील भांडं कसं तपासायचे?"

"नखानं टिचकी मारायचे. खणखणीत वाजलं तरच दुकानात मांडायचे. बद्द वाजलं की समजायचं, कुठंतरी चीर आहे."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत..." तो म्हणाला आणि अडखळला. "नाही. शेवटी शेवटी आई वाजवून बघायची. ती सांगायची त्यांना."

"ती का?"

त्यानं ओल्या कळशीकडे बघितलं.

"आणि तुझी भांडी कोण वाजवतं?"

"मीच."

"मग वाजव."

त्यानं कळशी अंगणात रिकामी केली, पुसली, डाव्या हातावर तोलली आणि टिचकी मारली. चाळीस वर्षांची सवय, बोट बरोबर जागी पडलं. थांबला. कळशी कानाशी नेली, पुन्हा मारली. दुसऱ्या कानाशी नेली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, नख दुखेल इतक्या जोरात.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"कंडक्टर, खणखणीत आहे ना रे?"

पुढची गाडी पाच मिनिटांत येईल असं मी उभ्या जन्मात हजारो लोकांना सांगितलंय. या वेळी जीभ वळली नाही.

"बद्द वाजतंय, मोरेश्वर."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. शब्द पोचलेच नव्हते. मी सूप बाजूला ठेवलं, अक्का बसल्या होत्या तसा त्याच्या समोर जाऊन बसलो आणि पुन्हा सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून.

आता पोचलं.

त्यानं कळशी हळूच खाली ठेवली. शेळी सालपटं खात होती.

"म्हणजे बाबा..." तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला होता. "आई तासभर हाका मारत होती, अक्का."

"हो."

"आणि आम्ही त्यांना शाल दिली."

अक्कांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांना असं करताना फारसं बघितलेलं नाही.

"तो आतला नाद?" त्यानं विचारलं. अजून एवढी एक आशा होती बिचाऱ्याला.

"कान कण्हतोय तुझा."

"परत येईल?"

अक्कांनी नाही अशी मान हलवली. त्या कुणाला खोटा धीर देत नाहीत, त्याबद्दल मी त्यांच्यावर अनेकदा चिडलोय. ठोक्यांनी मारलेला कान उठत नाही, असं त्यांनी त्याला समोरासमोर सांगितलं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान तपासायचं यंत्र आहे, तिथं उद्याच जायचं. एकट्यानं नाही, दहाही जणांना घेऊन. कानांवर घट्ट बसणारे कानपट्टे मिळतात, ते डॉक्टरांना विचारून आणायचे आणि त्याशिवाय एकालाही हातोडा उचलू द्यायचा नाही. जे गेलं ते गेलं. उरलंय ते राखता येतं.

हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली.

"आणि सोमवारी? आळी जमणार आहे. काय सांगू मी त्यांना?"

"कंडक्टरनं तुला सांगितलं तेच."

तो उठला. कळशी घ्यावी की ठेवावी कळेना, तसाच उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "श्रीपादला हातोड्यावर आठ वर्षं झाली."

त्या क्षणी मला आठवलं. मघाशी पायऱ्यांवरून चहाचं विचारलं तेव्हा श्रीपादचं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेलं होतं. डोक्यात नव्हतंच.

मी ते बोलून टाकलं, मोरेश्वरच्या समोर जाऊन. त्याचा चेहरा पाहवला नाही.

पण तो रडत बसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. डोक्याची टोपी सारखी केली आणि विचारलं, "बोळे मी भट्टीत टाकले, अक्का. कानपट्टे मिळेपर्यंत काय करू?"

अक्कांनी कळशी ओढून घेतली, पदरानं आतून कोरडी केली. मग मांडीवरचा सगळा कापूस तिच्यात भरला. पुडक्यातला उरलेला भरला. दुपारभर वळलेल्या वातीही उलगडून आत कोंबल्या आणि कळशी त्याच्या हातात दिली.

"याच्यानं सगळा आवाज अडत नाही," त्या म्हणाल्या. "कानपट्टे येईपर्यंत तुमचं काम बंद. पण आळीत ठोके असतातच, तेव्हा पहिले बोळे तू घाल पोरांच्या कानात, तुझ्या हातानं. ज्या हातानं काढलेस त्याच हातानं."

तो कळशी छातीशी धरून पायऱ्या उतरला. वळणावरून श्रीपाद दिसत होता, गाडीला टेकून उभा. बाप समोर येईपर्यंत त्याला चाहूल लागली नाही.

मी सूप उचललं. देवघरातल्या समईकडे लक्ष गेलं आणि माझ्यातला कंडक्टर जागा झाला.

"अक्का, एक वात तरी ठेवायची. आज संध्याकाळी देवापुढे काय लावायचं?"

"बसू दे त्याला अंधारात," अक्का म्हणाल्या. "त्याला ऐकू येतं."