नाजूक हाताची कहाणी

ऐका अन्नपूर्णामाई, तुमची कहाणी. नगर होतं, आटपाट म्हणावं असंच. त्यात कासारआळी होती. एके सकाळी कासारीण ओट्यावर बसून सोनारणीला बांगड्या भरत होती. सोनारीण ओरडली, "अगं हळू! हात आहे की उसाचं कांडं, पिळतेस काय?" कासारीण म्हणाली, "हात पाहावा तो माझ्या लेकीचा, येसूचा. आळीतली सगळ्यांत लहान बांगडी तिला बसते. नाजूक म्हणून तर सोयरे घरी चालून आले."

इतक्यात येसूच्या सासरचा गडी आला. पाणीही प्याला नाही. म्हणाला, "दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं. मुलगी होती. संध्याकाळपर्यंत राहिली, मग गेली."

"आणि येसू?"

"पडून आहे. मालकीणबाई म्हणाल्या, माहेरूनच पोकळ आली होती, माहेरीच न्या."

सोनारणीचा एक हात भरून झाला होता. दुसरा तसाच राहिला.

कासारणीनं लेकीला घरी आणलं. तोंड पांढरं, नखं पांढरी, चार पावलं चालली की धाप. मग कासारणीनं देवीपुढे नैवेद्य ठेवला आणि विचारलं, "माई, दिवस राहिले तेव्हा डिंकाचे लाडू धाडले. डोहाळे लागले तेव्हा करंड्या धाडल्या. ओटी भरली तेव्हा पक्वान्नं केली. मी काय कमी केलं?"

दुसऱ्या दिवशी दारात एक म्हातारी आली. "मला बांगड्या भर," म्हणाली. कासारणीनं बांगडी चढवली, ती कोपरापर्यंत गेली. "याहून लहान दे." मग लहान चढवली, तीही कोपरापर्यंत गेली. "याहून लहान दे." मग येसूच्या मापाची चढवली. म्हातारीनं हात खाली केला, तशी बांगडी निसटून जमिनीवर पडली. कासारीण सवयीनं बोलून गेली, "आजी, हात मोठा नाजूक तुमचा."

म्हातारी म्हणाली, "नाजूक म्हणू नको. उपाशी म्हण."

म्हातारीनं विचारलं, "तुझ्या घरी आधी कोण जेवतं?"

"कारभारी जेवतात."

"मग?"

"मग मुलगे जेवतात."

"मग?"

"मग मी आणि येसू. भांड्यात असेल ते."

"आणि नसेल तर?"

"येसू शहाणी. म्हणायची, आज माझा उपास आहे."

म्हातारी म्हणाली, "बाळ पोटी आलं तेव्हा तू ताट मांडलंस. पण बाळाला उतरायचं ते घर आधीच रिकामं होतं. लेक वयात आली तेव्हाच मांडायचं होतं."

कासारीण पाया पडली. "मला वसा सांगा. उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"ऐक तर. घरातलं पहिलं पान लेकीचं वाढावं. पानात पालेभाजी असावी, उसळ असावी, नाचणीची भाकरी असावी, लिंबाची फोड असावी. तिला उपास धरू देऊ नये. वैद्याला दाखवावी, दिलेलं औषध चुकवू नये. हात भरेपर्यंत कुशीची घाई कुणी करू नये. लेक असो, सून असो, वसा तोच." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

मग कासारणीनं वसा घेतला. पहिलं पान येसूपुढे मांडलं. कासार म्हणाला, "म्हणजे आता लेकीचं उष्टं आम्ही खायचं?" कासारीण म्हणाली, "उष्टं नाही, उरलेलं. इतकी वर्षं आम्ही तेच खाल्लं." कासार रुसून उठून गेला नाही, बसून राहिला. मग लेकीमागून जेवला.

सासरचं पहिलं बोलावणं आलं. कासारणीनं लहान बांगडी येसूच्या हातात घालून पाहिली, कोपराकडे गेली. "आत्ता पाठवत नाही." दुसरं बोलावणं आलं. सासूनं विचारलं होतं, "लोणच्यासारखी मुरत घातलीय काय?" बांगडी मनगटापाशी अडली. "अजून पाठवत नाही." तिसऱ्या खेपेला जावई स्वतः आला. दारात पाण्याचा हंडा घेऊन कुणी उभी होती. त्याला आधी येसू ओळखू आली नाही. बांगडी हातात रुतली होती, निघेना. मग कासारणीनं ती वाढवली. कासारआळीत बांगडी फोडली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवशी खरंच मोठं माप काढलं.

कासारीण म्हणाली, "जावईबापू, लेकीबरोबर वसाही धाडते आहे. पहिलं पान तिचं. जमेल?"

"आई बोलेल."

"बोलू दे. वाढायला तुम्ही उभे राहा."

जावई बरं म्हणाला, आणि तसा वागला. पुढे येसूला पुन्हा दिवस राहिले. दिवस भरले. मुलगी झाली, घरभर ऐकू जाईल अशी रडली. बारशाला कासारीण बिंदल्या घेऊन गेली, तर नातीच्या मनगटाला वळ्या, बिंदली चढेना. सासू म्हणाली, "विहीणबाई, नात काही नाजूक नाही हो!" कासारीण म्हणाली, "नाही." परत आल्यावर तिनं सोनारणीचा राहिलेला हात भरला.

अन्नपूर्णामाई जशी येसूला पावली, तशी ऐकणाऱ्यांच्या लेकीसुनांना पावो. साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सुफळ झाली. संपूर्ण म्हणू नये. येसूच्या पहिलीचं बारसं राहिलं.