पाठ करून बसलेला राखणदार

फार पूर्वी शूर्पारक नगरात रेणुसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका विणकराच्या घरी जन्माला आला होता. बायकोमुले साथीत गेली, माग मोडला, आणि उतारवयात नगराने त्याला वडाखालच्या तांदळाच्या रांजणापाशी राखणीला बसवले.

त्या रांजणाची रीत मोठी शहाणपणाची. चूल पेटण्याआधी प्रत्येक घराने मूठभर तांदूळ बाजूला काढून रांजणात टाकायचे. ज्याच्या घरी नसतील त्याने त्यातूनच न्यायचे. दरबारात न्याय मागायला आलेल्या परगावच्या गरिबाची शिदोरीही त्यातलीच. देणारा असो की घेणारा, हात वस्त्राखाली झाकून यायचे, झाकूनच जायचे. राखणदाराने रांजणाकडे पाठ करून बसायचे. कोण देतो, कोण नेतो, ब्रह्मदेवालाही कळायचे नाही!

वीस वर्षांत बोधिसत्त्वाने एकाचाही चेहरा पाहिला नव्हता. माणसे ठाऊक होती ती पावलांवरून. एकटा जीव, त्या पावलांशीच त्याचा संसार. त्यात एक पाऊल काठी टेकत, फरफटत यायचे. जाताना ती म्हातारी विचारायची, "बाबा, बसला आहेस ना?"

"बसलोय, माय."

दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललेच, तर एवढेच.

पुढे प्रधानाच्या डोक्यात खूळ शिरले. "फुकटे किती नेतात, कळू तर दे!" त्याने रांजणापाशी शिपाई बसवला. आता सर्वांनी हात उघडे ठेवून यायचे. देणारे ऐटीत येऊ लागले. घेणारे येईनासे झाले. महिन्यात रांजण काठोकाठ भरला. प्रधान मिशीला पीळ देत म्हणाला, "महाराज, नगरात गरीब औषधालाही उरला नाही! आता या तांदळाची मेजवानी घालू."

नगर आनंदले. बोधिसत्त्वाला मात्र घास गिळवेना. फरफटणारे पाऊल महिनाभर आले नव्हते. तो काठी घेऊन दरबारात गेला.

"महाराज, गरिबी गेली नाही, गरीब यायचे थांबले. पायाने अधू अशी एक म्हातारी आहे. ती काय खात असेल?"

"कोण ती?"

"मी पाठ करून बसतो, मला काय ठाऊक? एक दिवस जुनी रीत चालू द्या, आणि माझ्या जागी तुम्ही बसा. कुणी काही नेले नाही, तर तांदूळ खुशाल मेजवानीला घ्या. पण मागे वळू नका. वळलात, तर ती पुन्हा यायची नाही."

"आता विणकर राजाला शिकवणार!" प्रधान हसला. राजा मात्र कबूल झाला.

दवंडी पिटली. शिपाई हटला. बोधिसत्त्वाची घोंगडी पांघरून राजा बसला, आणि वडापलीकडे बोधिसत्त्व डोळे मिटून बसला. सकाळपासून पावले येत राहिली. तांदूळ पडल्याचा आवाज थोड्याच वेळा आला. उपसल्याचा कितीदा तरी आला. राजाची मान खाली गेली.

ऊन कलताना काठी वाजली. पाऊल फरफटत आले. राजा दचकला. ही चाल त्याच्या ओळखीची होती. लहानपणी वाड्याच्या जिन्यावरून पडताना त्याला छातीशी धरून उत्पला दाईने स्वतःचा पाय मोडून घेतला होता. ती भावाच्या गावी सुखात आहे, असे कुणीतरी त्याला सांगितले होते. त्याने पुन्हा कधी विचारले नव्हते.

तांदूळ उपसल्याचा आवाज थांबला.

"बाबा, बसला आहेस ना?"

राजाच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो वळला नाही.

"बसलोय, आई."

काठी क्षणभर जागीच थांबली. मग फरफटत दूर गेली.

मेजवानी झाली नाही. शिपाई पुन्हा बसला नाही. दुसऱ्या दिवशी उत्पला आली, आणि त्या दिवसापासून रोज एक नवे पाऊल, अनवाणी, तांदूळ टाकून जाऊ लागले. ते कुणाचे, हे बोधिसत्त्वाने ओळखले. तो कुणाला बोलला नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, काल भोजनशाळेत 'दुसऱ्यांदा कोण वाढून घेतो?' असे विचारणारा भिक्षू तेव्हा प्रधान होता. ते ऐकून, मागणाऱ्याची लाज झाकायला ज्याने आपलेच पात्र पुढे सरकवले, तो राजा होता. मान खाली घालून उपाशी उठलेली वृद्ध भिक्षुणी म्हणजे उत्पला. आणि पाठ करून बसलेला तो राखणदार मीच होतो. घेणाऱ्याची लाज राखून दिलेले, तेच दान. हीच करुणा."